गवताच्या ढिगावर बसून केलेला हवामान अंदाज: ल्युईस फ्राय रिचर्डसन यांची गोष्ट

पावसाळ्यात घराबाहेर पडण्याआधी आपण काय करतो? फोन काढतो, हवामानाचं ॲप उघडतो आणि पुढच्या तीन तासांत पावसाची शक्यता किती टक्के दाखवतंय ते बघतो. अंदाज चुकला की ॲपला नावं ठेवतो. मीही ठेवतो. पण हे टक्के नेमके येतात कुठून, हे शोधायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं की गोष्ट एखाद्या सुपरकॉम्प्युटरपासून सुरू होईल. ती सुरू झाली पहिल्या महायुद्धातल्या एका ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरपासून!

हा माणूस फ्रान्समधल्या एका थंडगार मुक्कामी, गवताच्या ढिगावर बसून, हातात पेन आणि मोजपट्टी घेऊन युरोपच्या हवेचं सिम्युलेशन करत होता. तेव्हा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर नव्हताच. कॉम्प्युटर हा शब्द होता, पण त्याचा अर्थ होता आकडेमोड करणारा माणूस. आठवडेच्या आठवडे खपून या माणसाने उत्तर काढलं आणि ते साफ चुकलं. थोडंथोडकं नाही, हास्यास्पद वाटावं इतकं चुकलं. मग त्याने काय केलं? ते चुकीचं उत्तर पुस्तकात छापलं, सगळ्या हिशोबासकट.

त्यांचं नाव ल्युईस फ्राय रिचर्डसन. आज सिम्युलेशन, पॅरलल कॉम्प्युटिंग आणि थोड्या वळणाने कॉम्प्युटर ग्राफिक्स, या तिन्हींच्या मुळाशी गेलं की हेच नाव भेटतं. चला, सुरुवातीपासून बघूया.

कातडी कमावणाऱ्या घरातला मुलगा

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ ला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या न्यूकॅसल शहरात झाला. सात भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. वडिलांचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. घर क्वेकर पंथाचं. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ आहे आणि कुठल्याही युद्धाला ठाम विरोध ही त्याची ओळख. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे त्यांच्या आयुष्यातला प्रत्येक मोठा निर्णय इथूनच निघतो.

शाळा यॉर्कमधली क्वेकरांची, मग न्यूकॅसल आणि त्यानंतर केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. पदवी मिळाल्यावर ते एका जागी टिकले नाहीत. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम केलं, दिव्यांच्या कंपनीत काम केलं आणि मधेच एका पीटच्या कंपनीत गेले. पीट म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची माती. वाळवली की ती इंधन म्हणून जळते. पण आधी तिच्यातलं पाणी काढायला हवं. त्यासाठी चर कुठे खणायचे? मातीतून पाणी कसं वाहील? या चिखलातल्या प्रश्नाने त्यांना एका मोठ्या युक्तीपर्यंत नेलं.

तवा, चौकटीचा कागद आणि एक युक्ती

पाणी, उष्णता, हवा या गोष्टी कशा पसरतात याची समीकरणं तेव्हाही माहीत होती. अडचण अशी की ती सुटायची फक्त सोप्या, गोलगोमट्या आकारांसाठी. खरी जमीन वेडीवाकडी असते आणि तिथे कागदावरचं गणित हात टेकायचं.

रिचर्डसन यांनी काय केलं ते एका उदाहरणाने सांगतो. समजा गॅसवर तवा ठेवलाय आणि त्याच्या प्रत्येक भागाचं तापमान काढायचंय. तव्यावर मनातल्या मनात चौकटीचा कागद पसरा. शेकडो छोटे चौकोन झाले. आता प्रत्येक चौकोनाला फक्त एवढंच विचारायचं: तुझे चार शेजारी किती गरम आहेत? शेजारी जास्त गरम असतील तर हा चौकोन थोडा तापेल, ते गार असतील तर थोडा निवेल. सगळ्या चौकोनांसाठी हा साधा हिशोब करायचा, मग पुन्हा पहिल्यापासून करायचा, पुन्हा करायचा. अवघड गणिताची जागा बेरीज-वजाबाकीने घेतली. उत्तर शंभर टक्के अचूक नाही, पण कामापुरतं अचूक. आणि चौकोन जितके लहान, तितकं चांगलं.

गेममध्ये पाणी उसळतं, झेंडा फडफडतो, धूर पसरतो, तिथे बहुतेक वेळा याच जातीचा हिशोब चालू असतो. या पद्धतीला फायनाइट डिफरन्स म्हणतात. रिचर्डसन यांच्या आधीही तिची बीजं होती. पण भौतिकशास्त्राचे खरे प्रश्न सोडवायचं हत्यार म्हणून तिला धार लावली ती त्यांनी. १९१० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा यावरचा मोठा लेख आला. त्यात एका दगडी धरणाच्या भिंतीत ताण कुठे किती येतो याचा हिशोब त्यांनी या पद्धतीने करून दाखवला.

हा हिशोब त्यांनी एकट्याने केला नाही. त्यासाठी काही मुलांना पैसे देऊन कामाला लावलं. त्यातला सर्वांत चलाख मुलगा तीन आकडी संख्यांवर आठवड्याला सरासरी २,००० क्रिया करायचा, आणि चुकलेल्या क्रिया मोजल्या जायच्या नाहीत. मला हे वाचून गंमत वाटली. प्रोसेसरचा वेग मोजायची ही सुरुवातीची पद्धतच म्हणा ना!

केंब्रिजच्या गणितज्ञांना मात्र हे काम फारसं रुचलं नाही. या लेखाच्या जोरावर त्यांनी किंग्ज कॉलेजची फेलोशिप मागितली, ती मिळाली नाही. १९०९ मध्ये त्यांचं डोरोथी गार्नेट यांच्याशी लग्न झालं होतं. पुढे या जोडप्याने तीन मुलं दत्तक घेतली. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं, तेव्हा अंधारात हिमनग ओळखण्यासाठी आवाजाचा प्रतिध्वनी वापरायची कल्पना रिचर्डसन यांनी लगेच पेटंटसाठी पाठवली. महिन्याभरात पाण्याखालच्या प्रतिध्वनीसाठीही अर्ज केला. पण ते यंत्र त्यांनी पुढे नेलं नाही. डोक्यात तोवर हवामान शिरलं होतं.

युद्धात, पण बंदुकीविना

१९१३ मध्ये ते ब्रिटिश हवामान खात्यात आले आणि दक्षिण स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख झाले. त्या काळी अंदाज कसा काढायचे? आजचा नकाशा समोर ठेवायचा, जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यातून त्याच्यासारखा दिसणारा नकाशा शोधायचा आणि तेव्हा जे झालं तेच आता होईल असं धरायचं. रिचर्डसन यांना हे पटत नव्हतं. हवा भौतिकशास्त्राचे नियम पाळते, मग अंदाज आठवणीवर कशाला? नियमांवरून थेट काढा! नॉर्वेचे विल्हेल्म बियेर्कनेस यांनी ही कल्पना आधी मांडली होती. पण ते मुख्यतः नकाशे आणि आलेखांच्या वाटेने गेले. रिचर्डसन आकड्यांच्या वाटेने निघाले.

तोवर महायुद्ध पेटलं होतं. रिचर्डसन युद्धविरोधी, त्यामुळे हातात बंदूक घेणं शक्य नव्हतं. पण लोक मरत असताना वेधशाळेत स्वस्थ बसणंही जमेना. १९१६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि क्वेकरांच्या ॲम्ब्युलन्स पथकात दाखल झाले. फ्रेंच सैन्याच्या एका डिव्हिजनला जोडलेल्या तुकडीत, तोफांच्या टप्प्यात, जखमींना गाडीतून मागे आणणं हे त्यांचं काम. या निर्णयाची किंमतही होती. लष्करी सेवा नाकारल्याचा शिक्का बसल्यामुळे पुढे विद्यापीठांची दारं त्यांना बंदच राहिली.

पुस्तकाचं हस्तलिखित मात्र त्यांनी सोबत नेलं होतं. आणि ड्युटी नसताना ते त्यात आकडे भरत बसायचे.

सहा तासांत १४५

प्रयोग असा होता. २० मे १९१० च्या सकाळी सातची युरोपातली हवामानाची मोजमापं उपलब्ध होती. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणांहून फुगे सोडून वरच्या हवेचीही मोजमापं घेतली होती, त्यामुळे इतकी भरगच्च माहिती दुसऱ्या क्वचितच दिवसाची असेल. रिचर्डसन यांनी मध्य युरोपचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा विभागला. एक चौकोन साधारण २०० किलोमीटरचा. उंचीच्या दिशेने हवेचे पाच थर. प्रत्येक ठिकाणी दाब, तापमान, घनता, बाष्प आणि तीन दिशांनी वाऱ्याचा वेग. म्हणजे तव्याचा खेळच, पण तवा पाच मजली आणि प्रत्येक चौकोनात सात गोष्टी.

यातून त्यांना जर्मनीच्या म्युनिक परिसरातला सहा तासांतला बदल काढायचा होता. म्हणजे भविष्यवाणी नव्हे, झालेल्या दिवसाची परीक्षा. खरं काय झालं ते आधीच माहीत होतं, पद्धत तिथवर पोचते का ते बघायचं होतं. हिशोबाचे २३ तक्ते त्यांनी स्वतः आखले. तक्ते आखणं आणि जेमतेम दोन ठिकाणांची आकडेमोड, याला जवळपास सहा आठवडे लागले, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. सहा तासांच्या अंदाजाला सहा आठवडे! मधेच एप्रिल १९१७ मध्ये शँपेनच्या लढाईच्या धामधुमीत हस्तलिखित हरवलं. काही महिन्यांनी ते सापडलं बेल्जियममध्ये, कोळशाच्या ढिगाखाली.

आता निकाल. हिशोब म्हणत होता की सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. तुमच्या फोनमधल्या ॲपमध्ये दाब साधारण १,०१० च्या आसपास दिसतो आणि दिवसभरात तो चार-पाच आकड्यांनी हलतो. समुद्रसपाटीवर आजवर नोंदलेला सर्वांत कमी दाब आहे ८७०, तोही १९७९ मध्ये प्रशांत महासागरातल्या टिप नावाच्या महाभयंकर वादळाच्या केंद्रात. म्हणजे १४५ ची उडी ही जवळजवळ तशा वादळाच्या पोटातून थेट निरभ्र दिवसात येण्याइतकी. आणि त्या दिवशी म्युनिकजवळ प्रत्यक्षात काय झालं? दाब जवळपास होता तिथेच राहिला.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी असतो तर ते पान गुपचूप फाडलं असतं, खोटं कशाला बोलू. पद्धत छापली असती आणि उदाहरण वगळलं असतं. रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये केंब्रिजच्या प्रकाशनाकडून पुस्तक काढलं, वेदर प्रेडिक्शन बाय न्यूमरिकल प्रोसेस. त्यात सगळे तक्ते, सगळे आकडे आणि तो १४५ सुद्धा, चुकलंय हे स्पष्ट सांगून. पुस्तकाच्या फक्त ७५० प्रती छापल्या होत्या. त्याही तीस वर्षांत संपल्या नाहीत.

चूक नेमकी कुठे झाली?

सगळं छापलं म्हणूनच हा प्रश्न नंतरच्या लोकांना सोडवता आला.

किनाऱ्यावर उभं राहून भरतीचा वेग मोजताय असं समजा. पाणी सावकाश चढतंय. तेवढ्यात एक होडी गेली आणि तिची लाट तुमच्या मोजपट्टीवर आली. पाणी एका सेकंदात दहा सेंटिमीटर वर गेलं. तुम्ही नेमका तोच वेग धरून सहा तासांचा गुणाकार केलात, तर उत्तर येईल की समुद्र दोन किलोमीटर वर चढणार! भरतीचं गणित बरोबर, गुणाकारही बरोबर, पण मोजली ती होडीची लाट.

हवेतही असंच असतं. ज्याला आपण हवामान म्हणतो ते सावकाश बदलतं. त्याच्यावर वेगाने धावणाऱ्या छोट्या लाटा असतात आणि त्या येतात-जातात. वाऱ्याच्या मोजमापात जराशी जरी चूक असली तरी हिशोबाला त्या लाटा प्रचंड मोठ्या वाटतात. रिचर्डसन यांनी स्वतःच वाऱ्याच्या आकड्यांवर बोट ठेवलं होतं, आणि सुरुवातीचे आकडे आधी गुळगुळीत करून घ्यावेत हेही सुचवलं होतं.

बऱ्याच वर्षांनी आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तोच हिशोब कॉम्प्युटरवर पुन्हा केला. आधी रिचर्डसन यांचा चुकीचा आकडा पुन्हा मिळाला, म्हणजे हाताच्या आकडेमोडीत मोठी गडबड नव्हती. मग सुरुवातीच्या माहितीतून त्या वेगवान लाटा गाळून टाकल्या आणि तीच पद्धत चालवली. उत्तर आलं उणे ०.९, म्हणजे दाब जवळपास स्थिर. पद्धत बरोबरच होती!

आणखी एक खड्डा पुढे वाट बघत होता. १९२८ मध्ये कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी दाखवून दिलं की चौकोनांच्या मानाने वेळेचं पाऊल फार मोठं घेतलं तर हिशोब उधळतो. २०० किलोमीटरचा चौकोन असेल तर सेकंदाला ३०० मीटरने पळणारी लाट तो साधारण ११ मिनिटांत पार करते, म्हणून पाऊल त्याहून छोटं हवं. रिचर्डसन यांचं पाऊल होतं तासांचं. त्यांनी एकच पाऊल टाकलं म्हणून हे जाणवलं नाही, पुढे चालत राहिले असते तर आकडे फुटलेच असते. आजही गेममधला फिजिक्स इंजिन कधी कधी वेडा होतो आणि गाडी आकाशात उडते, त्यामागे बऱ्याचदा याच प्रकारची अडचण असते.

६४,००० माणसांचा प्रोसेसर

त्याच पुस्तकात रिचर्डसन यांनी एक स्वप्न रंगवलंय. माझ्या मते पॅरलल कॉम्प्युटिंग समजून घ्यायला आजही याहून सोपं चित्र नाही.

एका माणसाला सहा तासांचा अंदाज काढायला आठवडे लागतात, मग हवामानाच्या पुढे धावायचं कसं? रिचर्डसन यांचं उत्तर होतं, काम वाटा. नाट्यगृहासारखं एक अवाढव्य गोल सभागृह कल्पा. आतल्या भिंतींवर पूर्ण पृथ्वीचा नकाशा रंगवलेला. उत्तर ध्रुव छताकडे, अंटार्क्टिका खाली तळाशी. नकाशाच्या प्रत्येक तुकड्यासमोर माणसं बसलेली आणि प्रत्येकाकडे आपल्या तुकड्याचा छोटासा हिशोब. एकूण माणसं किती? ६४,०००.

आता तव्याचा खेळ आठवा. प्रत्येक चौकोनाला शेजाऱ्याचे आकडे लागतात. त्यासाठी प्रत्येकाच्या टेबलापाशी छोटे उजळलेले फलक, ज्यावर त्याचे ताजे आकडे दिसतात आणि शेजारी ते वाचून घेतात. आजच्या सुपरकॉम्प्युटरमध्ये प्रत्येक प्रोसेसर आपल्या हद्दीच्या कडेचे आकडे शेजारच्या प्रोसेसरला पाठवतो, ते अगदी हेच.

मधोमध एक उंच खांब आणि त्याच्या टोकाला सज्जा. तिथे उभा असतो या सगळ्याचा सूत्रधार, ऑर्केस्ट्राच्या संचालकासारखा. त्याच्या हातात छडीऐवजी दिवे. पृथ्वीचा जो भाग हिशोबात पुढे पळतोय त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडलाय त्याच्यावर निळा. कारण सगळ्यांना एका लयीत जावं लागतं, एक जरी मागे राहिला तरी शेजारी खोळंबतात. तुमच्या फोनमध्ये आठ कोअर असले तरी काम आठपट वेगाने का होत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच खोळंबणं. ही अडचण रिचर्डसन यांनी कोअर नावाची वस्तू जन्माला येण्याच्या कितीतरी आधी ओळखली होती.

मला सर्वांत आवडलं ते शेवटचं. या कारखान्याच्या बाहेर त्यांनी मैदानं, घरं, डोंगर आणि तळी ठेवली आहेत. जे लोक दिवसभर हवेचा हिशोब करतात त्यांना मोकळी हवा मिळायला हवी, असा त्यांचा विचार.

नष्ट केलेलं संशोधन

युद्ध संपलं, रिचर्डसन हवामान खात्यात परत आले. पण १९२० मध्ये हे खातं हवाई दलाच्या मंत्रालयाखाली गेलं. सैन्यासाठी काम करायचं नाही हे ठरलेलं, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. हातात दुसरी मोठी नोकरी नव्हती. लंडनमधल्या शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात ते शिकवू लागले आणि उरलेल्या वेळात हवेतल्या भोवऱ्यांवर संशोधन करत राहिले. हवा शांत वाहील की खळबळेल हे सांगणारा आकडा आजही रिचर्डसन नंबर याच नावाने ओळखला जातो. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

आणि मग एक वेगळाच धक्का बसला. हवेत एखादी गोष्ट कशी पसरते, या त्यांच्या संशोधनात सर्वांत जास्त रस कुणाला होता? विषारी वायूच्या तज्ज्ञांना. वायू सोडला तर तो कुठवर आणि किती दाट पोचेल, हे त्यांना हवं होतं. पत्नी डोरोथी यांच्या आठवणींनुसार तो काळ फार क्लेशाचा होता. रिचर्डसन यांनी हवामानाचं संशोधन थांबवलं आणि जे छापून झालं नव्हतं ते नष्ट केलं.

इथे मी बराच वेळ अडकलो. चुकलेलं उत्तर जगासमोर ठेवणारा माणूस बरोबर असलेलं काम फाडून टाकतो, हे विसंगत नाही का? मला नाही वाटत. चूक लपवली असती तर पुढच्यांचं नुकसान झालं असतं म्हणून ती दाखवली. हे काम दाखवलं असतं तर माणसं मेली असती म्हणून ते ठेवलं नाही. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, याचा वापर कोण आणि कशासाठी करणार? अर्थात, त्या कागदांत काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही. विज्ञानाचं काही नुकसान झालंच असेल. ते त्यांनी मान्य केलं, एवढंच.

सीमेची लांबी आणि स्क्रीनवरचे डोंगर

त्यांनी विषयच बदलला. मानसशास्त्राची पदवी घेतली आणि युद्धं का होतात हे आकड्यांतून शोधायला लागले. १९२९ पासून स्कॉटलंडमधल्या पेझली इथल्या तंत्रशिक्षण महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. १९४० मध्ये याच कामासाठी त्यांनी लवकर निवृत्ती घेतली. १८२० नंतरच्या युद्धांची मृतांच्या संख्येनुसार प्रतवारी लावली. शस्त्रस्पर्धेची समीकरणं मांडली.

या शोधात एक साधा प्रश्न आला. दोन देशांची सामाईक सीमा जितकी लांब, तितकी भांडणं जास्त का? त्यासाठी सीमांची लांबी हवी. पुस्तकं उघडली तर गोंधळ! स्पेन-पोर्तुगाल सीमा एके ठिकाणी ९८७ किलोमीटर, दुसरीकडे १,२१४. चूक कुणाचीच नव्हती. मोजपट्टी जितकी छोटी घ्याल तितकी वळणं जास्त मोजली जातात आणि लांबी वाढत जाते, हे त्यांच्या ध्यानात आलं. हे काम त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. ते बेनुआ मांडेलब्रो यांच्या नजरेस पडलं, आणि १९६७ मध्ये त्यांनी ब्रिटनचा किनारा किती लांब आहे यावर आपला गाजलेला लेख लिहिला. त्यातूनच पुढे फ्रॅक्टल हा विषय उभा राहिला.

आणि इथून ग्राफिक्स. मांडेलब्रो यांचं पुस्तक वाचून बोइंग कंपनीतल्या लॉरेन कार्पेंटर यांनी १९८० मध्ये फ्रॅक्टल डोंगरांवरून उडणारी एक छोटी फिल्म कॉम्प्युटरवर तयार केली. त्यानंतर ते लुकासफिल्ममध्ये गेले आणि १९८२ च्या स्टार ट्रेक चित्रपटात तसेच डोंगर पडद्यावर आले. आज गेममध्ये डोंगररांगा कुणी हाताने न काढता आपोआप तयार होतात, त्या वाटेवर मागे चालत गेलात तर युद्धं थांबवायची म्हणून सीमा मोजणारे रिचर्डसन भेटतील.

शेवटी अंदाज आला

१९५० मध्ये अमेरिकेत जूल चार्नी, रॅगनार फ्यॉर्टॉफ्ट आणि जॉन फॉन नॉयमान यांनी एनिॲक या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरवर पहिले हवामान अंदाज काढले. त्यांनी मुद्दाम असं सोपं समीकरण घेतलं की ज्यात त्या वेगवान लाटा येतच नाहीत. म्हणजे रिचर्डसन यांची छापलेली चूक त्यांनी नीट वाचली होती. २४ तासांच्या अंदाजाला मशीनला साधारण २४ तासच लागले.

चार्नी यांनी निकाल रिचर्डसन यांना पाठवले. सत्तरीत आलेल्या रिचर्डसन यांनी घरातच एक चाचणी घेतली. नकाशे डोरोथींसमोर ठेवले आणि विचारलं, दुसऱ्या दिवशीच्या खऱ्या नकाशाशी जास्त जुळतं काय, कॉम्प्युटरचा अंदाज की आदल्या दिवशीचाच नकाशा? डोरोथींचा कौल थोड्या फरकाने कॉम्प्युटरच्या बाजूने गेला. रिचर्डसन यांनी चार्नींचं अभिनंदन केलं, आणि आपल्या त्या एकमेव चुकलेल्या उत्तराच्या मानाने ही फार मोठी मजल आहे असं कळवलं. ३० सप्टेंबर १९५३ ला स्कॉटलंडमधल्या किलमन गावी झोपेतच त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये आणि १९५५ मध्ये अमेरिकेत असे अंदाज रोजच्या कामाचा भाग झाले.

फोनवाल्यांसाठी एक गोष्ट खास राखून ठेवली होती. २००८ मध्ये पीटर लिंच आणि ओवेन लिंच यांनी एनिॲकचा तोच अंदाज नोकिया ६३०० या साध्या, बटणांच्या फोनवर चालवून दाखवला. एका दिवसाच्या अंदाजाला वेळ लागला एका सेकंदाहूनही कमी!

आणि आपल्याकडे? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएममध्ये, २०२४ पासून अर्का नावाचा सुपरकॉम्प्युटर आहे. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या क्रिया. त्याच्या जोरावर २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम सहा किलोमीटरच्या चौकोनांवर हिशोब करते. रिचर्डसन यांच्या एका चौकोनात तसे हजाराहून जास्त चौकोन बसतात. पण पद्धत तीच. चौकोन पाडा, काम वाटा, शेजाऱ्याला आकडा सांगा, सगळे एका लयीत पुढे चला. फक्त सभागृहातल्या माणसांच्या जागी प्रोसेसर बसलेत.

कोडिंग शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढंच सांगेन. प्रोजेक्ट फसला की आपण फोल्डर डिलीट करून मोकळे होतो. रिचर्डसन यांनी तसं केलं असतं तर चार्नींना चूक कुठे टाळायची हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. फसलेला प्रयोगही नीट लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी ॲपने पाऊस सांगितला आणि ऊन पडलं, तर नावं जरूर ठेवा, फक्त गवताच्या ढिगावरचा तो १४५ आठवून थोडी कमी ठेवा.